मल्लव्वाच्या गळ्यातली माळ

पोलीस ठाणे, सोलापूर शहर. ता. १८ माहे फेब्रुवारी सन १९३४, रविवार, दुपारी चार वाजता.

मी ज्ञानबा कोंडीबा वाघमोडे, वय वर्षे ४१, धंदा फोटो काढणे, राहणार मोडनिंब, तालुका माढा, जिल्हा सोलापूर, समक्ष हजर राहून लिहून देतो की, मला लिहिता येते, सबब फौजदार साहेबांच्या परवानगीने हा जबाब स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे असल्यास दोष माझा. शाळा मी केली नाही. मेंढरांमागे फिरताना मैलाच्या दगडांवरून आकडे शिकलो आणि बाजारातल्या पाट्यांवरून अक्षरे.

फोटोचा धंदा मी अठरा वर्षे करतो. मोडनिंब, टेंभुर्णी, वेळापूर या बाजूंना बाजाराच्या दिवशी पडदा लावतो. पडद्यावर तळे, तळ्यात देऊळ आणि दोन हंस आहेत. रंगाऱ्याने ते सोलापूरचे तळे म्हणून रंगवले. त्याने सोलापूर पाहिलेले नव्हते. मी फोटोच्या काचा व कागद घेण्यास सोलापुरास येत असे, पण पुढच्याच गाडीने परत जात असे. अठरा वर्षे लोकांना त्या तळ्यासमोर बसवले आणि आपण पाहिले नाही, हे बरे दिसेना. म्हणून या खेपेस तीन दिवस काढून आलो.

येण्याचे कारण हवालदारांनी विचारले. पाहणे व खाणे, दुसरे कारण नाही. "खायाला कोण येवढ्या लांब येतं का वो?" असे ते म्हणाले. मी म्हणालो, "साहेब, मोडनिंबात काशम्माबाईंची खानावळ न्हाय की."

ता. १६ रोजी शुक्रवारी मोडनिंबहून छोट्या गाडीने कुर्डुवाडी व तेथून मोठ्या गाडीने दुपारी सोलापूर स्टेशनावर उतरलो. सोबत कॅमेरा, तिपाई, सामानाची पेटी. मंगळवार पेठेतल्या एका गल्लीतून जाताना भाकरी थापण्याचा आवाज ऐकला. थाप हलकी, एकसारखी, आणि शेवटची फिरवून. अशा हाताची भाकरी कडेला जाड राहत नाही. पाटी न वाचता आत गेलो. ती काशम्माबाईंची खानावळ होती आणि थापणारी बाई मल्लव्वा, वय अंदाजे पंचेचाळीस, हीच या कामातली बाई. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी, वर दही. भाकऱ्यांचा आकडा चौकशीला लागत असल्यास साडेपाच. अर्धी काशम्माबाईंनी बळेच वाढली. राहण्यास मागची खोली मिळाली. वरच्या मजल्यावर धान्याचे व्यापारी पंचाक्षरी व त्यांच्या पत्नी सुंदरम्मा हे उतरले होते. त्यांच्याशी माझे बोलणे झाले नाही.

ता. १७ रोजी सकाळी गिरण्यांचा भोंगा ऐकून उठलो आणि त्यांच्या धुराच्या चिमण्या पाहून आलो. दुपारी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, झाली. जेवणानंतर मी गच्चीवर काळ्या कापडाखाली कॅमेऱ्याच्या काचा भरत असताना मल्लव्वा वर आली. गच्चीवर आम्ही दोघेच होतो. बोलणे झाले ते असे.

"अण्णा, माजा काडता का एक फोटू?"

"काडतो की. कुणाला द्यायचा?"

"लेकीच्या सासरी धाडायचाय, अक्कलकोटाकडं. गुरम्मा नाव तिचं. तिची सासू उटता-बसता म्हनती, तुज्या आईच्या गळ्यात दोरा बी न्हाय, आन तू आमच्या घरात नाक वर करून चालतीस." मग पदर गळ्याशी ओढून म्हणाली, "गळ्यात कायतरी दिसलं पायजे बगा."

हे मागणे माझ्या धंद्यात नेहमीचे आहे. माझ्या पेटीत एक कोट, एक न चालणारे घड्याळ आणि एक पुतळ्यांची माळ असते. माळ पितळेची, वर सोन्याचा मुलामा, बार्शीच्या बाजारातली. बायका ती घालून फोटोस बसतात व उठताना काढून देतात. माळ कोणाची हे फोटोवाल्याने कधीही सांगायचे नाही, असा रिवाज मी पाळतो. कागदावर कोठे लिहिलेला नाही. अठरा वर्षांत मोडलेला नव्हता.

मल्लव्वाने माळ घातली. मी म्हणालो, "हनुवटी वर. सासूकडं बगा." ती हसली. तेवढ्यात मी कॅमेऱ्याचे टोपण काढले.

ता. १८, म्हणजे आज, सकाळी उन्हात छाप काढून तिच्या हाती दिला आणि पेटी घेऊन निघालो. माळ पेटीतच होती. भुईकोट किल्ला बाहेरून हिंडून पाहिला. नंतर सिद्धेश्वराचे तळे पाहिले. पडद्यावरचे तळे खऱ्यापेक्षा जास्त निळे आहे आणि हंस खोटे आहेत. पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले, डाळे-मुरमुरे खाल्ले. दोन तास काहीही केले नाही. असे मी पूर्वी केल्याचे आठवत नाही.

दुपारी एक वाजता खानावळीशी आलो तेव्हा भाकरी थापण्याचा आवाज येत होता, पण हात दुसरा होता. मी दारातच विचारले, "मल्लव्वा कुटं हाय?" काशम्माबाई स्वतः थापत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या फोटूनं घात केला बगा. बाई चौकीवर हाय."

पुढील हकीकत त्यांच्या तोंडून ऐकली. मल्लव्वाने शनिवारीच निरोप धाडला होता, त्यावरून गुरम्माचा धाकटा दीर गुंडा हा फोटो नेण्यास अक्कलकोटाकडून आला होता. मल्लव्वाने फोटो त्याच्या हाती दिला त्याच वेळी पंचाक्षरी जेवून उठले. त्यांच्या पत्नीची सोन्याची पुतळ्यांची माळ शुक्रवारपासून पेटीत सापडत नव्हती व तशी खबर ठाण्यात होती. त्यांनी फोटो पाहिला व विचारले, "ही माळ कुनाची?"

"माजी."

"तुजी? भाकऱ्या थापून?"

"माज्या लग्नातली हाय."

"मग आन की. दाव."

मल्लव्वा चुलीपुढून उठली नाही. ही माळ फोटोवाल्याची आहे, एवढे चार शब्द बोलली असती तर प्रकरण तेथेच मिटते. ते चार शब्द ती बोलली नाही. गुंडा समोर उभा होता.

काशम्माबाईंनी माझे ताट वाढले होते. मी बसलो नाही.

ठाण्यात आलो तेव्हा मल्लव्वा पडवीत भिंतीशी बसली होती. गुंडा खांबाला टेकून उभा होता, फोटो कागदात गुंडाळून त्याच्या काखेत. मला पाहताच मल्लव्वाने मान हलवली. तिचे म्हणणे मी ओळखले. परंतु ते ऐकले तर बाई तुरुंगात जाते, सबब ऐकले नाही. फौजदार साहेबांना मी विनंती केली की, मला जे सांगायचे ते दार लावून सांगू द्यावे. साहेबांनी परवानगी दिली. आत साहेब, हवालदार, पंचाक्षरी व मी.

मी पेटीतून माळ काढून टेबलावर ठेवली व वर लिहिलेली हकीकत सांगितली. साहेब म्हणाले, "पितळेची कशावरून?" मी माळ हातभर उंचीवरून फरशीवर टाकली. सोने पडले की एकदा बोलते आणि गप्प बसते. पितळ बोलतच राहते. पंचाक्षरी व्यापारी माणूस, त्यांनी आवाज ऐकताच मान फिरवली. "ही आमची न्हवं," असे ते म्हणाले. त्यांची माळ कोठे आहे ते मला माहीत नाही.

साहेब म्हणाले, "ही पितळेची, कबूल. पण फोटोत हीच आहे कशावरून? फोटोत सगळंच सारखं दिसतं." हे म्हणणे रास्त होते. मी भिंगातून फोटोची काच दाखवली. माळेतल्या सातव्या पुतळीची कडी मोडली आहे व ती पुतळी मी दोऱ्याने बांधली आहे, त्यामुळे ती एकटीच आडवी बसते. मल्लव्वाच्या गळ्यातही सातवी आडवी आहे. याहून पक्के व्हावे म्हणून मी गिऱ्हाइकांना दाखवण्याचे नमुन्याचे फोटो हाताला आले तसे चार काढून टेबलावर मांडले. गावे निरनिराळी, साले निरनिराळी, बायका चार. माळ एक, आणि चौघींच्या गळ्यात सातवी पुतळी आडवी. मागे लिहिलेली नावे मी दाखवली नाहीत व पाहण्याचा हुकूमही झाला नाही.

साहेब हसले. "वाघमोडे, अर्धा जिल्हा तुम्ही एकाच माळेत नटवलात की."

चौथा फोटो वेळापूर येथे पाच वर्षांपूर्वी काढलेला, लग्नाच्या मुलीचा. मुलाकडे दाखवण्यासाठी काढला होता. मुलगा सोलापुरात सरकारी नोकरीत, एवढे आठवते. हवालदारांनी तो उचलला व खिडकीपाशी उजेडात नेला. बराच वेळ पाहिला. साहेबांनी विचारले, "ओळखीची आहे का?" ते म्हणाले, "न्हाय साहेब. अशा लई असत्यात." मग माझ्याजवळ येऊन हळू विचारले, "ही बी हीच माळ?" मी म्हणालो, "माळ येकच हाय, हवालदार." त्यानंतर ते माझ्या कानाशी जे बोलले ते गुन्ह्याच्या कामाचे नाही, सबब लिहीत नाही. पाच वर्षे माळ माहेरी आहे, आईकडे आहे, असे एका घरात सांगितले जाते, त्याबद्दल ते होते. मला वाटले ते चिडतील. ते मिशीत हसत होते.

त्यानंतर मी साहेबांना अर्ज केला की, बाई निर्दोष आहे हे गुंडाला सांगावे, परंतु माळ कोणाची हे सांगू नये. गुरम्माला त्या घरात अजून पुष्कळ वर्षे काढायची आहेत. साहेब म्हणाले, "ठाण्याला असली कामं नसतात." पंचाक्षरी म्हणाले, "मी काय कुनाला सांगत न्हाय बाबा. माजी तेवढी हुडका." साहेबांनी कागदात डोके घातले. तेव्हा हवालदार पट्टा सारखा करून आपण होऊन उठले व बाहेर गेले.

त्यांनी पडवीत गुंडाला काय सांगितले ते मला खिडकीतून ऐकू आले. माझे कान चांगले आहेत. परंतु ते शब्द जबाबात नकोत असे साहेबांनी सांगितले, म्हणून लिहीत नाही. गुंडा त्यावर "आयला, मंजे माळ लईच भारी हाय की!" असे म्हणाला, ते लिहिण्यास हरकत नाही. मल्लव्वा उठून म्हणाली, "सायेब, पीठ मळून तसंच ठिवलंय. जाऊ का मी?" तिला जाण्यास सांगण्यात आले. जाताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. गुंडासमोर पाहायला नकोच होते.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माळ माझी मला परत मिळाली आहे. माझा मुक्काम उद्या सकाळपर्यंत काशम्माबाईंच्या खानावळीत आहे. जास्त विचारायचे असल्यास मी तेथे, बहुधा ताटावर, सापडेन.

हा जबाब मी माझ्या हाताने, कोणाच्या धाकाशिवाय लिहिला. तो हवालदारांनी मला वाचून दाखवला. चौथ्या फोटोची हकीकत त्यांनी ओठांतल्या ओठांत वाचली, बाकीचा मजकूर मोठ्याने. मोठ्याने वाचलेला बरोबर आहे. न वाचलेलाही बरोबर आहे.

सही, ज्ञानबा कोंडीबा वाघमोडे, दस्तुर खुद्द.