हिरामावशीची किंकाळी

आमच्या भुताच्या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये शेवटी आवाज एकदम बंद होतो ना, ती कल्पना कुणाची असं सगळे मला विचारतात. खरं सांगू? माझी नाही.

आमच्या गावातच शूटिंग होतं आणि एका प्रसंगासाठी शेजारच्या हिरामावशीला घेतलं होतं. ट्रेलरचं गणित मी आधीच ठरवलेलं. सुरुवातीला संथ ढोल, मग ठोके वाढत जाणार, कॅमेरा चेहऱ्याजवळ सरकत जाणार आणि शेवटी मावशीची किंकाळी. कॅमेरा सरकला, मावशीनं तोंड उघडलं, पण आवाज निघेना. चार टेक वाया गेले.

मी वैतागून म्हणालो, "मावशी, अगं घाबरल्यावर माणूस ओरडतो की!"

"न्हाई ओरडत, बाळा," ती म्हणाली. "आमची सुमन लहानपनी बंधाऱ्यात पडली, तवा मी काठावरच हुते. तोंड उघडलं, पन आवाजच फुटला न्हाई. लोकांनी काढली तिला. ती अजून इचारती, आई, तू हाक का न्हाई मारली?"

मी किंकाळीचा नादच सोडला. आता ढोल मध्येच थांबतो आणि मावशीचं उघडं तोंड नुसतं दिसत राहतं.

दिवाळीत सुमनताई माहेरी आली, तेव्हा तिला मोबाईलवर ट्रेलर दाखवला. शेवट तिनं दोनदा बघितला. मग मावशीकडं वळून म्हणाली, "आई, तवा तू अशी हुतीस व्हय?"

मावशीनं मान डोलावली.

"मला इतकी वर्सं वाटायचं," ताई म्हणाली, "तू मला बघितलंच न्हाईस."