खोक्यावरचा नंबर

साथ जोरात होती. कुरिअरच्या रांगेत माझ्यापुढे लॅबमधली एक ताई तपासणीच्या नमुन्याचं खोकं घेऊन उभी होती.

"मॅडम, यावर कॅटेगरी 'ए' का लिहिलंय?" काउंटरवरच्या माणसाने तिला विचारलं.

"जास्त धोक्याची ना ती? म्हटलं, जपून नेतील."

"जपून? 'ए' आजच्या विमानात चढतच नाही. थेट गुरुवारी जाईल."

"अहो, रिपोर्टशिवाय डॉक्टर औषध सुरू करत नाहीयेत!"

"यात लॅबमध्ये वाढवलेले जंतू आहेत का?"

"छे, पेशंटच्या घशातला साधा स्वॅब आहे."

"मग ती 'बी', आजच जाईल. हे नवं लेबल, सही करा."

"वाटेत फुटलं तर?"

"आतली-बाहेरची तिन्ही आवरणं कुणी घातली?"

"मीच."

"मग स्वतःवर भरवसा ठेवा की! आता चोवीस तास उचलला जाईल असा नंबर टाका."

"माझाच टाकते. दादाला आयसीयूत नेल्यापासून मी झोपलेय कुठे?"