उद्यापासूनची सोय

— नाही हो, कुणाची जागा धरलेली नाही, बसा की. थांबा, पिशवी घेते मांडीवर. एवढा लांब बाक आणि मी मेली मधोमध बसलेय, मालकीण असल्यासारखी. शाळा सुटायला वेळ आहे अजून. घंटा झाली की कळतंच, अख्खी गल्ली डोक्यावर घेतात पोरं. कुर्ता छान आहे हो तुमचा, निळा शोभतो तुम्हाला — हिरवा? हां, हिरवाच म्हणतेय मी. झाडाखाली निळा वाटतो. झाड नाहीये का? मग भिंतीची सावली असेल, सावली ती सावली. तुम्ही इथल्या नेहमीच्या नाही दिसत. नेहमीच्या सगळ्या ओळखते मी, चालीवरून ओळखते. ती एक टाचा वाजवत येते, एक सारखी फोनवर, एक आजोबा आहेत ते दर दोन पावलांनी खोकतात. तुमचं मूल कितवीत? बरं, राहू दे. मी अशीच, आधी प्रश्न आणि मग ओळख.

मी आजी. आमची दुसरीत आहे. शाळेत नाव मोठं आहे तिचं, घरात ठकी. बालवाडीपासून रोज मीच न्यायला येते तिला — येत होते. आज न्यायला नाही आलेय, नुसती बसायला आलेय. हसू नका. माझ्याच नातीला कोण घेऊन जातं ते बघायला आलेय, चोरासारखी. घरी सांगितलंय देवळात — नाही, खोटं कशाला, घरी काहीच नाही सांगितलं. मला विचारतंय कोण घरात?

तुम्हाला ते पत्रक मिळालं का? वर्ष संपत आलं की शाळा काढते ना, चार पानी. तसं वाचण्यासारखं असतं. मुलांचं नाटक झालं त्याच्या बातम्या, जुन्या मोठ्या बाई निघाल्या आणि नवीन येणार, हरवलेले स्वेटर कपाटात पडलेत ते घेऊन जा, नाहीतर वाटून टाकू, सुट्टी कधी लागते — आणि मग सूचना. सुट्टीत पाण्याजवळ मुलांना एकटं सोडू नका, सायकलवर हेल्मेट घाला, फाटकासमोर गाडी लावू नका. दर वर्षी तेच. आणि दर वर्षी माझा मुलगा मला ते वाचून दाखवतो. चष्मा असतो माझा, पण वाचून दाखवलेलं बरं वाटतं. लहानपणी मी त्याला वाचून दाखवायचे, आता तो मला. या वेळीही आला रात्री जेवण झाल्यावर, पलंगावर पाय वर घेऊन बसला आणि सगळं वाचलं. नाटकातल्या झाडाचं सोंग घेतलेल्या मुलाला झोप लागली ते वाचलं, मी हसले, तो हसला. इतक्या प्रेमाने वाचत होता की मला वाटलं, चला, राग गेला याचा. पाणी वाचलं, हेल्मेट वाचलं, गाड्या वाचल्या. घडी घातली, म्हणाला, झोप आता आई. माझ्या अंगावर पांघरूण घातलं हो त्याने.

आणि दुसऱ्या दिवशी खालची शेजारीण जिन्यात थांबवते मला. म्हणते, काकू, पत्रक वाचलं का, हे कुणाबद्दल असेल हो? कुठलं कुणाबद्दल? तर मोठ्याने वाचते — जिन्यात, येणारेजाणारे ऐकतायत — ज्या मोठ्या माणसांना स्वतः रस्ता ओलांडायला मदत लागते, अशांना मुलांना न्यायला पाठवू नये, ही पालकांना कळकळीची विनंती. गाड्या आणि हेल्मेट यांच्या मधोमध. म्हणजे याने एक ओळ वाचली, मधली गाळली, पुढची वाचली, आणि आवाज जराही अडखळला नाही. मी म्हटलं, असेल कुणीतरी. आणि जिना चढले. कठडा धरून चढले, पण कठडा सगळेच धरतात.

नाव नाही हो त्यात माझं. नाव कशाला लागतं. शाळेत कितीशा आज्या येतात आणि त्यातल्या कितींचं — म्हणजे मला मदत लागते असं नाही. लागत नाही. तो आमचा खेळ होता. मी गाडी आणि ठकी ड्रायव्हर. सिग्नलपाशी आलो की गाडी थांबणार, ड्रायव्हर सांगणार, लाल आजी, लाल, लाल, अजून लाल — आणि मग, हिरवं झालं, चल. गाडी निघणार. कसला दिमाख तिचा. माझा हात असा धरायची की मी पळून जाणारेय. बाकी दिवसभर या घरात मला कुणी हात लावत नाही, उगीच कशाला खोटं बोलू. मुलगा कामावर, सूनबाई कामावर, रात्री दोघांच्या हातात फोन. माझा दिवस म्हणजे तेवढा रस्ता. सकाळी उठल्यापासून मी त्या रस्त्याची वाट बघायचे. शाळेपासून घरापर्यंत तिने सांगायचं, बाई काय म्हणाल्या, कोण कुणाशी कट्टी, डब्यातलं कुणी काय खाल्लं. घरी पोचलो की दप्तर टाकून ती टीव्हीपुढे, मग माझी नाही.

आता बघा काय झालं ते. वर्गात बाईंनी सुरक्षेच्या गोष्टी घेतल्या. सुट्टी लागायच्या आधी घेतात. विचारलं, रस्ता ओलांडताना तुमचा हात कोण धरतं? कुणी म्हणालं आई, कुणी बाबा. आमची ठकी उभी राहिली आणि म्हणाली, माझा कुणी नाही धरत, मी आजीचा धरते, तिला दिवे दिसत नाहीत. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या सगळ्या वर्गाला. फ्रॉकवर सोनेरी तारा चिकटवला. आणि मधल्या सुट्टीत मुलं डबे खात होती तेव्हा त्याच बाईंनी सूनबाईला फोन केला. तारा एकीला, फोन दुसरीला. मला कुणी विचारलं? मी रोज त्या बाईंसमोर उभी राहते, नमस्कार करते, त्या म्हणतात कशा आहात आजी. तेव्हा विचारायचं ना.

आणि पोरीला मी सांगितलं होतं. तिला एक दिवस कळलंच होतं, लहान आहे पण वेडी नाही. म्हणाली, आजी, हा खेळ नाहीये ना? तुला खरंच दिसत नाही ना? मी म्हटलं, दिसतं गं, जरा धुरकट. पण आईबाबांना नको सांगू, नाहीतर आपलं येणंजाणं बंद करतील. गळ्याशपथ घेतली होती तिने. आणि वर्गासमोर उभं राहून — माहीत आहे मला, तिच्या मनात काही नव्हतं. अभिमानाने सांगितलं. मला तर त्याचंच जास्त लागलं. रागावून सांगितलं असतं तर समजले असते मी.

ऐकताय ना? एकदम गप्प झालात म्हणून विचारलं.

डोळ्यांचं म्हणाल तर काही नाही, कडेकडेनं चांगलं दिसतं. मधोमध एक डाग आहे. डॉक्टर म्हणाले, वाढणार, थांबवता येतो, परतवता येत नाही. म्हणजे बघा, तुमचा खांदा दिसतोय, ही बाकाची कड दिसतेय, रस्त्यावरून काहीतरी मोठं गेलं ते दिसलं. तुमचा चेहरा तेवढा नाही. ज्याच्याकडे बघावं तेच जातं. आता बोलून गेले आहेच मी, तर असू दे. तुम्ही कुठे माझ्या घरी येणार आहात सांगायला. आज कशी आले? माणसं निघाली की त्यांच्यामागे निघायचं, पावलं ऐकून. एक मोटार फार जवळून गेली, शिव्या घातल्या त्याने. तेवढंच.

तर वर्गात ते झालं त्याच रात्री जेवताना. ठकी तारा लावूनच बसली होती, काढू देईना. मुलाने घास खाली ठेवला आणि विचारलं, आई, हे खरं आहे का? सूनबाई ताटात बघत होती. मी काय म्हणणार? मी म्हटलं, मुलं काहीही बोलतात रे, गोष्टी रचतात. एवढंच म्हटलं मी. काही वाईट नाही म्हटलं. ठकी म्हणाली, मी नाही रचलं आजी, तूच ना. मी म्हटलं, कधी गं म्हटलं मी, स्वप्नात? हसत हसत म्हटलं. मग तिने तारा काढला आणि ताटाच्या कडेला चिकटवला. मला ते दिसलं, कडेला होतं ना, म्हणून नेमकं दिसलं. सूनबाई म्हणाली, बाळ, तू खोटं बोललीस का? पोर माझ्याकडे बघत असणार. कळत नाही मला कोण बघतंय ते, पण असणार.

मग मी काय करायला हवं होतं? सांगा ना. हो म्हटलं असतं तर त्याच ताटावर सगळं संपलं असतं. मला वाटलं, लहान आहे, उद्या विसरेल. विसरली नाही. पुढचे दोन दिवस हात धरला माझा रस्त्यात, लाल म्हणाली, हिरवं म्हणाली, बाकी शब्द नाही. बाई काय म्हणाल्या ते नाही, कट्टीचं नाही.

आणि काल फाटकावर तो वॉचमन. इतकी वर्षं आजी आजी करणारा. ठकीला न्यायचं माझं कार्ड हातात घेतलं, परत दिलं, म्हणाला, आजी, हे बंद केलंय, तुमच्या घरूनच फोन होता. माझ्या घरून. मी बाजूला उभी, मुलं एकेक करून निघून गेली, ठकी आत आणि मी बाहेर. मग सूनबाई आली टॅक्सीने. दोघींना मागे बसवलं, स्वतः पुढे बसली. टॅक्सीवाल्याने रेडिओ लावला होता, बरं झालं. घरी येऊन म्हणाली, आई, उद्यापासून सोय केली आहे, तुम्ही काळजी करू नका. काळजी. संध्याकाळी ती सोय घरी येऊनही गेली. मी माझ्या खोलीत होते, दार लावून. बाहेर कुणी बाई हसत होती, ठकीही हसली एकदा. मी नाही गेले बाहेर. कशाला जाऊ? मग रात्रभर वाटत राहिलं, बघायला हवं होतं, कशी आहे, कशी चालते, हात धरते की पुढे पुढे जाते. म्हणून आले. तर तुम्ही माझं एक काम कराल? ठकी फाटकातून आली की मला सांगाल, तिला कोण नेतंय? लाल दप्तर आहे, दोन वेण्या. तुमचंही मूल असेलच त्याच सुमाराला. कितवीत म्हणालात? दुसरीत? मग एकाच वर्गातली. नाव काय?

पुन्हा सांगा.

हं.

कधी कळलं तुम्हाला? पहिल्यांदा दुसरी म्हटलं तेव्हा की ताऱ्याच्या वेळी? आणि बोलू दिलंत मला. डोळ्यांचं, ताटाचं, सगळं. एकदा खाकरायचं तरी, म्हणायचं, काकू, थांबा, मीच ती सोय. पण तुमचं तरी काय, माझा मुलगाच ओळ गाळून पांघरूण घालून गेला, तुम्ही तर परक्या. नको, हात नका लावू. मी ठीक आहे.

झाली घंटा. उठा. इथली पद्धत सांगितली का सूनबाईने? नसेल सांगितली, ती कधी येते. बाई मुलांना ओळीने फाटकापाशी आणतात आणि एकेकाला पुढे घेऊन विचारतात, कोण आलंय न्यायला? मुलाने बोट दाखवायचं. नुसत्या कार्डावर सोडत नाहीत, बोट दाखवल्यावरच. चार पावलं पुढे जाऊन उभ्या राहा, म्हणजे तुम्ही तिला दिसाल. इतक्या पुढे नको, मला ऐकू आलं पाहिजे. हां, तिथेच.

आली? दप्तर लालच आहे ना? मला नुसता गलका दिसतोय. बाईंनी घेतलं का पुढे तिला? इकडे बघितलं? बाकाकडे बघितलं का तिने, एवढंच सांगा. मान वळवली ना. मग दिसलेच असणार मी, कुणी नाही माझ्या आजूबाजूला. विचारलं बाईंनी? बोट कुणाकडे आहे? मला इथून हात कळत नाही हो तिचा. तुमच्याकडे, की बाकाकडे?

बोला की.

बरं. कळलं. तुमच्याकडे. जा, उभं ठेवू नका तिला. आणि मी इथं येऊन बसले होते ते घरी सांगू नको म्हणावं तिला — नाही, थांबा. असलं काही सांगू नका तिला. सांगायचं तर सांगू दे. जा तुम्ही.