अत्यावश्यक आणि अनावश्यक

अमेरिकेत अर्थसंकल्प अडकल्यानं सरकारी कामकाज ठप्प होतं, पगार बंद होते. ओहायोतल्या लायमा गावी चर्चबाहेर फुकट शिध्याच्या रांगेत माझ्यापुढे दोघं बोलत होते.

"कुठं कामाला, भाऊ?"

"विमानतळावर बॅगा तपासतो. सरकारच्या यादीत मी अत्यावश्यक, म्हणून बिनपगारी राबतो. तुम्ही?"

"मी अनावश्यक, म्हणून घरी. नवरा कधीचा हेच म्हणतोय, आता सरकारी शिक्काही बसला!"

"खातं कुठलं?"

"गरिबांना मदत मिळवून देणारं. मदत घ्यायला लाजणाऱ्यांना मीच दटावायचे."

"मग तुम्ही याच गावच्या का?"

"छे! तासभर गाडी हाकत आले. आमच्या व्हँडेलियात कुणी ओळखलं असतं तर?"

"अहो, मीही व्हँडेलियाचाच! त्याच भीतीनं इथवर आलो."

"अरे देवा!"

"पुढच्या वेळी एकाच गाडीनं येऊ, ताई. पेट्रोलही वाटून घेऊ आणि लाजही."