पोरगी हसायला लागली तेव्हा

...नाही, मी म्हणतो, तेरा वर्षांची मुलगी न उठवता उठेलच कशी? जिला हाका मारून मारून शेजारी जागे व्हायचे, ती आपणहून उठते, बूट चढवते, वर मलाच विचारते, "बाबा, चहा ठेवू?" तुम्हाला सांगतो, पाणी कुठेतरी मुरतंय.

तुम्ही म्हणाल, चांगलंच आहे की. अहो, पण परवापरवापर्यंत हीच पोरगी शाळेतून आली की दार लावून आत. जेवायला बोलवा, "भूक नाही." काय झालं विचारा, "काही नाही." माझा धंदा कुलपांचा. जगाची दारं उघडून देतो, आणि घरातल्या एका दारासमोर नुसता उभा. आतून रडणं ऐकू यायचं, तेही उशीत दाबलेलं. बायको म्हणायची, "वय आहे ते." वय काय, मलाही आहे, मी रडतो का? ...रडलो होतो एकदा दुकानात, शटर ओढून, पण ते सोडा.

आणि आता एकदम गाणी गुणगुणते? मागून वाढून घेते? मोबाइल बघावा, तर तो टेबलावर उघडा पडलेला. लपवतसुद्धा नाही! म्हणजे पाणी नक्कीच मुरतंय.

मग एका सकाळी ती शाळेआधी बाहेर पडली, तसा निघालो मागोमाग. झाडाआडून, गाड्यांआडून... तरी माझं पोट माझ्या आधी दिसतं. मैदानावर पाहतो तर चार-पाच मुली गप्पा मारत पळतायत, आणि गळ्यात शिट्टी घातलेल्या त्यांच्या खेळाच्या बाई. म्हटलं, एवढंच? एवढ्यासाठी कोण हसतं हो? पाणी इथेच कुठेतरी... तेवढ्यात शिट्टी वाजली. "ओ काका, खांबामागचे, मुलींकडे काय बघताय?"

"मी... वडील आहे."

"कोणाचे?"

बोट दाखवलं. सगळ्या मुली वळून माझ्या पोरीकडे बघायला लागल्या. वाटलं, झालं, आता ते दार कायमचं बंद. पण ती आली, बाईंना म्हणाली, "माझेच आहेत," आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "वर्गात मला रणगाडा म्हणतात, बाबा. आरशात बघवायचं नाही."

"आता नाही ना म्हणत?"

"म्हणतात की. पण सकाळी पळून मग शाळेत गेलं की डोकं शांत असतं. मग ते जे बोलतात ना, ते बाहेरच राहतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही थेट त्यांच्या घरी गेला असतात."

गेलोच असतो. हातोडी घेऊन गेलो असतो.

तर बाई म्हणाल्या, "आलाच आहात तर मारा एक फेरी." पोरीसमोर नाही कसं म्हणणार? निम्म्यात खाली बसलो. तिनेच हात धरून उठवलं, आणि तेव्हापासून रोज नेते. तिचं खोटं नाही बरं का. डोकं माझंही शांत झालंय. आता बोलतात ते फक्त गुडघे.