शिडीला रंग नाही

— नाही म्हणजे नाही, काका. हिरवा नाही, पिवळाही नाही. दाराला सांगा, खिडकीच्या गजांना सांगा, जवसाच्या तेलात घोटलेला असा रंग देते की वर्षानुवर्षं बघायला नको. पण तुमच्या या शिडीला नुसतं तेल. खालचं लाकूड दिसेल असं. का? — बघा, तुम्ही विचारलंत तरी. मी बाबांना विचारलं, तर म्हणाले, "नसतो द्यायचा." झालं! कारण सांगितलं तर जसा काही मोठ्यांचा मान झिजतो. चाळीस वर्षं रंगारी, आणि उत्तर काय — नसतो द्यायचा! मी रसायनशास्त्र शिकलेली, तेल कसं वाळतं ते मला तोंडपाठ. वाळतं कसलं, हवा पिऊन घट्ट होतं — ते जाऊ दे. बाबा आठवडाभर बाहेरगावी होते, डब्यात हिरवा उरला होता, दिले आमच्या शिडीला दोन हात. काय देखणी दिसत होती हो!

बाबा आले, शिडीभोवती फिरले, नखानं जरा खरवडलं. "आता आतलं दिसत नाही," एवढंच. म्हटलं, शिडी आहे ती, आरसा नाही. आता कळतं ना — पायरीच्या मुळाशी केसाएवढी चीर पडली तर तेलाखाली दिसते, रंगाखाली बुजते. एक वाक्य, काका! एक वाक्य बोलायला काय जात होतं त्यांचं?

हो, बाबा चक्कर येऊन पडले असंच म्हटलं मी मघाशी. सगळ्यांना तेच सांगतो आम्ही. बाबांनीच सुरू केलं ते, दवाखान्यात, शुद्धीवर आल्या आल्या. चक्कर कसली! गोदामाचं उंच दार रंगवायचं होतं. बाबा शिडी धरून उभेच. मी म्हटलं, रंगानं पायरी मोडते का? भीती वाटत असेल तर व्हा बाजूला, मी चढते. आणि ठेवला की पाय पहिल्या पायरीवर. तर दंडाला धरून खाली ओढलं मला. चढले — माझ्याऐवजी चढले, काका. सातवी पायरी मोडली. खाली पडले तेव्हा तळव्याला हिरवा पापुद्रा चिकटला होता. आता कमरेखाली काही हलत नाही, त्या पडद्यामागे पडून असतात, अन् मी मात्र इथे —

ऐकलंत? वाटीवर चमचा. काही हवं असलं की एकदा वाजवतात. एकदाच. हे असं सारखं नाही वाजवत... गप्प बस म्हणतायत मला. अजूनही.

हा घ्या तेलाचा डबा. शिडी आधी उन्हात न्या, एकेका पायरीवरून बोट फिरवा. आणि निघा, काका. निघा तुम्ही.