नळावरची हाक

सकाळचे सहाला दहा कमी. तुम्हीच सांगा, या वेळेला कुणी शहाणा माणूस बायकांच्या नळावर येऊन उभा राहतो का? आमची गल्ली नाशिक रोडला, गल्लीला नळ एक, पाणी येणार अर्धा तास, अन् त्यात हा मनोज नावाचा मुलगा... केस मानेपर्यंत, कानावर दोन वाट्या बांधलेल्या, हातात काठी अन् काठीच्या टोकाला मांजराएवढं केसाळ काहीतरी. माझी मोहिनी तेव्हा वर्षाचीही नव्हती, मी आधी तिच्या तोंडावर पदर टाकला. कोण कुठला, काय सांगावं?

तर म्हणे, "ताई, मी शहराचे आवाज टेप करतो, पुण्याला त्यांचं प्रदर्शन मांडतो." आता आवाजाचं काय लोणचं घालायचं?

शेजारची लंकाबाई, तिला वाटलं टीव्हीवाले आले, ती घरात जाऊन ठेवणीतली साडी नेसून आली. फक्त आवाज घेणार कळल्यावर म्हणते, "मंग साडीचा आवाज येतो का, बाबा?" तो म्हणाला, तुम्ही रोजच्यासारख्या राहा. झालं... रोज जिथं नंबरावरून एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार, तिथं पाहुणा काम करतोय म्हणून अख्खी गल्ली चिडीचूप. हंड्याखाली पोती अंथरली. पुंजाराम भाजीवाला दारोदार जाऊन कानात सांगितल्यासारखं, "मेथी... मेथी घ्या..." तो मुलगा रडकुंडीला आला, "अहो, भांडा ना जरा." लंकाबाई म्हणते, "तुमच्यासमोर? बरं दिसतं का ते?"

गप्प नव्हती ती फक्त माझी आई, बयाबाई, सायखेड्याची, वडील गेल्यापासून माझ्याकडंच असायची. ठार बहिरी. मग पाणी आलेलं तिला कळायचं कसं? तुम्हाला सांगते, नळाच्या पाइपावर हात ठेवून बसायची. पाइप थरथरला की छाती भरून श्वास घ्यायची अन्... "पाणीऽऽ आलं गंऽऽ बायांनो... योगेऽऽ, पोरीला घे, हंडा आण..." योगे म्हणजे मी, योगिनी. मोहिनी कितीही रडत असू दे, त्या हाकेला गप्प व्हायची. त्या मुलानं कानावरच्या वाट्या उपटूनच काढल्या. आई मला म्हणते, "बिचारं. एवढ्या वयात कानाला यंत्र. माझ्यावानी त्याला बी ऐकू येत नाय." अन् दयेपोटी त्याच्या कानाशी जाऊन आणखी मोठ्यानं, "बाबाऽऽ, च्या घेतो काऽऽ?" तो जाताना फोन नंबर देऊन गेला. आम्ही आठवडाभर हसलो... आवाजाचं काय लोणचं घालायचं?

पुढच्या थंडीत आई गेली. दुसऱ्या दिवशी पाणी येऊन गेलं, अन् गल्लीत एकीचाही हंडा भरला नाही.

आता मोहिनी शाळेत जाते. परवा विचारते, "मम्मी, आजी हाक कशी मारायची?" मी मारून दाखवली. "ही तर तूच." लंकाबाईनं मारली. "ही तर लंकामावशी." फोटो आहे आईचा, पण त्यात तोंड गच्च मिटलेलं, फोटोवाल्यानंच सांगितलेलं, हलू नका. मला घोर लागलाय तो वेगळाच... माझ्याही कानातून ती हाक पुसत चाललीय. शब्द आठवतात, सूर लागत नाही. पोरीला द्यायचं काय मग?

म्हणून एसटीडी बूथवरून त्या मनोजला फोन लावला, आमच्या नळावरची टेप आहे का विचारलं. "आहे ना ताई, पाठवतो," म्हणाला, अन् खरंच कॅसेट आली. लंकाबाई परत ठेवणीतली साडी नेसून आली. कळ दाबली... पाणी, चिमण्या, लांबून रेल्वे, पुंजारामची मेथी. आई नाहीच. कॅसेट उलटी केली, तिकडंही नाही. परत फोन. तर म्हणतो, "ताई, एक आजी फार ओरडत होत्या, आवाज फाटत होता. तेवढं कापून, खास तुमच्यासाठी साफ करून पाठवलं." इतक्या प्रेमानं सांगत होता! मी म्हटलं, "ती माझी आई." मूळ टेप मित्राकडं खोक्यात आहे, शोधतो म्हणाला. त्यानंतर लावते तर नंबरच बंद.

पण एका जागी कापताना त्याचा हात चुकला असावा. एक श्वास राहिलाय. छाती भरून घेतलेला... आईचाच. मोहिनी तेवढाच ऐकते, टेप मागं घेते, परत ऐकते, अन् टेपकडं बघत थांबते. "आता बोलेल ना?" पुढं नुसतं पाणी.

तर तुमच्यातलं कुणी पुण्याकडं जाणारं असेल, अन् मानेपर्यंत केसांचा, केसाळ काठीवाला कुणी दिसला, तर एवढा निरोप द्या. नाशिक रोडची योगिनी, नळावरची. रागावली नाही म्हणावं. फाटका असू दे, खरखरीत असू दे, आवाज आहे तसा पाठव. आवाजाचं लोणचं घालायचं असतं, पटलं मला... पण बाबा, लोणचं कुणी धुऊन पाठवतं का?